जजसाहेब झोपले का?

काका दार ठोकायचे नाहीत, नखानं खरवडायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं उंदीर, मी पोरीला घेऊन पलंगावर चढून उभी. तर बाहेरनं अगदी हळू आवाज, "बाळ झोपलंय का?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "मग द्या ना जरा."

शेजारीण वाटीभर साखर मागते ना, तसं. आणि मागणारा कोण, तर आमचा घरमालक, सत्तरीचा माणूस, अंगात स्वेटर, खाली पायजमा, हातात व्हायोलिनचा गज. मी त्या घरात येऊन आठवडासुद्धा झालेला नव्हता. मी दार उघडलं ते साखळीपुरतं. त्या फटीतून ते म्हणाले की जागं असेल तर नको, झोपलेलंच पाहिजे, जागं बाळ त्यांच्या काही कामाचं नाही.

आता सांगा, कोण आई देईल? मी पण दिली नाही, पण नाही म्हणायचीही हिंमत नव्हती, म्हणून मी स्वतःच पोरीला खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं गेले. त्या वेळी मला सगळ्याचीच भीती वाटायची. लिफ्टची, गेटवरच्या गार्डची, भाजीवाला हिंदीत भराभर बोलायला लागला की त्याची. मी साताऱ्याकडची, नववीत शाळा सुटली, लग्न झालं, हे फौजेत. पोरगी झाली आणि यांची बदली एकदम वर बर्फात झाली, फोन लागला तर लागला. छावणीत क्वार्टर मिळायला वेळ होता. यांच्या साहेबांची काकांशी ओळख, त्यांनी दिल्लीत मयूर विहारला काकांच्या फ्लॅटची बाजूची खोली लावून दिली. सासूबाई म्हणत होत्या गावी ये, एकटी तिथं काय करतेस. पण मला पोरीच्या कानासाठी राहायचं होतं. जन्मली तेव्हा ती पिवळीधम्मक झाली होती, काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा मोठी झाली की हिचे कान तपासून घ्या, अशा मुलांना कधीकधी ऐकू येत नाही. तारीख मिळाली ती लांबची. ते "कधीकधी" घेऊन मी दिल्लीत बसले होते.

तर काकांच्या हॉलमध्ये गेले. सोफा नाही, टीव्ही नाही. मधोमध एक लहान गादी घातलेली, धुतलेली पांढरी चादर, आणि तिच्या चार बाजूंना चार माणसं बसायची जागा. देवाची पूजा मांडावी तशी. मी पोरीला गादीवर ठेवली, उजव्या कुशीवर, ती तशीच झोपायची, आणि तिच्या पायाशी मी बसले, काही झालं तर उचलून पळायचं म्हणून.

मग वाजायला लागलं.

मला गाण्यातलं काय कळतंय? पण अंगावर असा काटा आला. मी व्हायोलिन फक्त सिनेमात बघितलेलं, कोणी मेलं की वाजतं ते. इथं चार, आणि चारही वेगळ्या देशाची असल्यासारखी. एक अक्का होत्या, तमिळ, जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायच्या, बोटं अशी सरकवायच्या की सूर तेलावरून घसरल्यासारखा. दुसरी मुनिरक्यात, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, खोली घेऊन राहणारी मुलगी, डोंगराकडची, कॉलेजात शिकायची. ती उभी राहून वाजवायची, पायानं ताल धरून, आणि त्याला व्हायोलिन म्हणायचीच नाही, फिडल म्हणायची. तिसरा पानिपतचा, धंदा कंबलांचा, पण लग्नांमधून वाजवायचा, वाद्य छातीशी धरून, आणि त्याला म्हणायचा बेला. वाद्य एकच, पण तिघांची नावं तीन. काका म्हणायचे, "भांडू नका यार, लाकूड आहे." काकांचे गुडघे गेलेले, म्हणून ते बुटक्या स्टुलावर बसायचे आणि व्हायोलिनचं टोक पालथ्या घातलेल्या स्टीलच्या डब्यावर टेकवायचे. डबा पोह्यांचा होता. पोहे असले तरी वाजवायच्या आधी ते परातीत काढायचे, म्हणायचे भरलेल्या डब्याचा आवाज बसतो.

त्यांचं काम असं होतं की पानिपतवाला लग्नातली धून काढायचा, ती हळूहळू अक्कांच्या गाण्यात शिरायची, तिथून काका ती घ्यायचे आणि इतकी सावकाश करायचे की श्वास घ्यायची चोरी, आणि त्या सावकाशीतून एकदम मुनिरक्याची मुलगी नाच सुटल्यासारखी पळत बाहेर यायची. आमच्याकडं घाटात एसटी वळण घेते आणि वळणापलीकडं अचानक सगळी दरी दिसते, तसं व्हायचं मला. पण त्या वळणावरच काकांचं सगळं अडलं होतं. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना धक्का बसता कामा नये. ते त्याला जॉइंट म्हणायचे. त्या दिवशी वाजवून झाल्यावर ते मला समजावत बसले, तेव्हा मी घाबरत विचारलं, "म्हणजे पाइपाला असतो तसा सांधा?"

काका थांबले. "सांधा," म्हणाले. "वा. हा शब्द होता आपल्याकडं, बिल्कुल होता. आई म्हणायची." काकांचा जन्म दिल्लीतला, सगळी नोकरी इथल्या सरकारी ऑफिसात. त्यांच्या मराठीला मधे मधे भोकं होती आणि तिथं ते हिंदी बुजवायचे. त्या दिवसापासून जॉइंट गेला, सांधा आला. अक्कासुद्धा म्हणायला लागल्या, "सान्दा."

आणि सांधा नीट बसला की नाही ते कळायला झोपलेलं बाळ. त्यांचं म्हणणं होतं की मोठी माणसं लबाड असतात, डोळे उघडे ठेवून झोपतात आणि शेवटी वा वा करतात. झोपलेलं बाळ लबाडी करत नाही. सूर सुरात असेल, तर कितीही मोठ्यानं वाजवा, ते उठणार नाही. सांध्याला धक्का बसला की डोळे उघडणार. माझ्या पोरीच्या आधी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा नातू वापरला होता, पण तो आता शाळेत जायला लागला. काका म्हणायचे, "ते साहेब रिटायर झाले." माझी पोरगी म्हणजे नवे जजसाहेब. मुलगी आहे म्हटलं तरी साहेबच. रोज दुपारी तीनच्या सुमाराला दाराला नख. "जजसाहेब झोपले का?"

असा माणूस मी पुन्हा बघितला नाही. एक तर ते फ्यूजन म्हणू द्यायचे नाहीत. कोणाच्या तोंडून तो शब्द गेला की त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. पानिपतवाल्याला चहा उत्तम जमायचा म्हणून बाकीचे त्याच्याकडनं तो शब्द मुद्दाम काढून घ्यायचे. गजाला लावायची राळ काका फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात ठेवायचे. वरच्या मजल्यावर एक पंजाबी आंटी राहायच्या, त्यांच्या कुकरची शिट्टी काकांना पाठ. एकदा ते जिना चढून त्यांच्याकडं गेले आणि हात जोडून म्हणाले, भाभीजी, तुमच्या कुकरचा सूर उतरलाय, रबर बदला. त्या म्हणाल्या, "भाईसाब, राजमा गल जाता है, मुझे और क्या चाहिए." काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः रबर आणून दिलं. आणि खरं सांगते, पुढची शिट्टी झाली तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांनी वाजवणं थांबवून वर बघितलं आणि काकांनी मान डोलावली.

मेट्रोत दार बंद व्हायच्या आधी जो टिंग आवाज होतो, त्याच्यावरनं ते सूर लावून घ्यायचे. माणसं बघायची. मी बरोबर असले तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पदर तोंडाशी धरून मी दुसरीकडं बघत बसायची. ते मोठ्यानं म्हणायचे, "काय लाजतेस, दिल्ली आहे, इथं कोणी कोणाला ओळखत नाही, मनसोक्त वेडं व्हावं."

माझ्याशी ते असं बोलायचे की जणू मला सगळं कळतं. घरी माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. यांचा फोन लागला की मी आधी काकांचंच सांगायची, आज अक्का पानिपतवाल्याला काय बोलल्या, आज कसं वाजलं. हे तिकडनं ओरडायचे, आवाज तुटतोय, पोरगी कशी आहे ते सांग. मी म्हणायची, बरी आहे.

पण बरी आहे का, हेच मला कळत नव्हतं.

आता ते सांगते. पोरगी सात-आठ महिन्यांची झाली होती. कधी हाक मारली की बघायची, कधी मारा मारा हाका, खेळण्यातच. एकदा माझ्या हातून ताट पडलं तर दचकून रडली. मला इतका आनंद झाला की मी दुसरं ताट मुद्दाम पाडलं, तर तिनं बघितलंसुद्धा नाही. मी खोलीत पातेली वाजवत बसायची. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले, क्या टूट रहा है. आणि हॉलमध्ये काय व्हायचं, तर चार चार वाद्यं दणाणतायत, खिडकीची काच थरथरतेय, मुनिरक्याची मुलगी त्या सांध्यावरून उडी मारून अशी जोरात यायची की माझा जीव उडायचा, आणि पोरगी गाढ झोपलेली. आधीआधी एक-दोनदा चुळबुळली होती. मग काकांनी सांधा बदलला, पुन्हा बदलला, आणि मग ती उठेचना.

ज्या दिवशी पहिल्यांदा सबंध गाणं होऊन ती हललीही नाही, त्या दिवशी काका स्टुलावरून उठले, गुडघे विसरले, आणि हॉलभर गज नाचवत फिरले. "पास! साहेबांनी पास केला!" अक्का हसत होत्या, पानिपतवाला म्हणत होता, गुरुजी मिठाई. एका मोठ्या हॉलमध्ये या चौघांचा कार्यक्रम ठरलेला होता, तो जवळ आला होता, आणि सांधा जमला होता. आणि मी पोरीच्या पायाशी बसले होते. माझ्या मनात एकच. सांधा जमला म्हणून झोपली, का ऐकूच येत नाही म्हणून झोपली?

रोज तसंच. रोज ते खूश, रोज मी जास्त घाबरलेली. त्यांचा आनंद जेवढा वाढायचा तेवढा मला घाम फुटायचा. आणि सांगू कशी? त्यांनी एवढे कष्ट करून बसवलेलं, मी काय म्हणणार, की तुमचा जज बहिरा आहे? तोंडातनं तो शब्दच निघत नव्हता. काढला तर खरा होईल असं वाटायचं.

एक दिवस मात्र तोंड उघडलं. पुन्हा सबंध वाजवून झालं होतं, पुन्हा पोरगी गाढ, काका आता कार्यक्रमाला कोणता कुर्ता घालायचा यावर बोलत होते. आणि मीच बोलले, माझा आवाज मलाच परका वाटला. "काका, एकदा मुद्दाम वाईट वाजवा ना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"सांधा मुद्दाम बिघडवा. खूप बिघडवा. बघू तरी, उठते का."

काका म्हणाले, कशाला? मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं मी तारखेसाठी राहिलेय, पण कसली तारीख ते मी सांगितलं नव्हतं, पोरीचं रुटीन आहे म्हटलं होतं. ते वळले आणि हिंदीत सगळ्यांना म्हणाले, "चलो, बेसुरा बजाते हैं."

आणि त्यांना जमेना! हसू येतं आता. अक्का बेसूर वाजवायला गेल्या तर बोट आपोआप सुरावर जाऊन बसायचं, त्या स्वतःवरच चिडायच्या. मुनिरक्याची मुलगी चुकीच्या जागी घुसली तर पानिपतवाल्यानं सवयीनं तिला सांभाळून घेतलं. काका ओरडले, "संभाल मत, गधे, आज संभालना मना है!" शेवटी पानिपतवाल्यानं बेला उलटा धरला आणि गाढव ओरडतं तसा आवाज काढला, खरंच गाढव, आणि काकांनी, ज्यांनी कुकरचं रबर बदलायला लावलं होतं त्यांनी, डोळे मिटून गज असा खरवडला की माझे दात शिवशिवले. वरच्या आंटींनी फरशीवर काहीतरी आपटलं.

पोरगी झोपलेली. उजव्या कुशीवर, तोंड थोडं उघडं, मजेत.

मला वाटलं मी आता रडणार, पण रडूही येईना. काका स्टुलावरून उतरून गादीशी बसले, त्या गुडघ्यांनी खाली बसले, आणि पोरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कसली तारीख आहे ते सांग."

मी सांगितलं. काचेची पेटी, निळा दिवा, सगळं.

तारखेला ते आले. मी नको म्हटलं तरी आले, व्हायोलिनची पेटी घेऊन, कारण ती ते घरी एकटी ठेवायचे नाहीत. हॉस्पिटलच्या गेटवर गार्डनं पेटी उघडायला लावली आणि विचारलं, यह किसलिए. काका म्हणाले, "एक बच्चे को ये लेकर आई है, एक को मैं." आत लांब व्हरांडा, बाकांवर बायका, मांडीवर मुलं. आमचा नंबर आला तेव्हा आतली मॅडम म्हणाली की बच्ची को सुलाना पडेगा, झोपल्याशिवाय ही तपासणी होत नाही. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूत लाट उठते का ते कॉम्प्युटरवर दिसतं.

काकांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला! माझा जीव टांगणीला आणि हे माझ्याकडं वळून म्हणतात, "ऐकलंस? झोपलेलं बाळ! माझीच पद्धत आहे यार, हे लोक मशीन लावून करतात एवढंच." मग मॅडमला विचारलं की आवाज कोणता सोडता. ती म्हणाली, क्लिक. काकांना पटेना. "मॅडम, लाट उठवायची तर कुछ सुर तो दीजिए बेचारी को. क्लिक से कौन उठेगा?" तिनं विचारलं, हे कोण लागतात तुमचे? मी काय सांगणार. मी म्हटलं, घरमालक. तिनं घरमालकाला बाहेर बसवलं.

पोरीला झोपायचं औषध पाजलं. तेवढं एक चमचा औषध पाजताना मी अर्धं तिच्या झबल्यावर सांडलं आणि पुन्हा द्यावं लागलं. ती माझ्या मांडीवर जड झाली. कपाळाला आणि कानांमागं तारा लावल्या. खोलीला जाड दार होतं, दार लागलं आणि असा शुकशुकाट झाला, असा मी दिल्लीत आल्यापासून ऐकला नव्हता. त्या शुकशुकाटात मॅडम पडद्याकडं बघतेय आणि मी मॅडमच्या तोंडाकडं. पडद्यावर नुसत्या वाकड्या रेघा. मला वाटलं रेघा वाकड्या म्हणजे वाईट. मग वाटलं सरळ झाल्या तर जास्त वाईट असेल, दवाखान्यात सरळ रेघ म्हणजे काय ते मी सिनेमात बघितलं होतं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना, डोक्यात नुसतं त्यांचं गाणं सुरू, पानिपतवाल्यापासून सबंध, आणि त्या सांध्यापाशी आलं की पुन्हा पहिल्यापासून.

नंतर कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, पोरीचे कान बघितले, आणि म्हणाल्या, "घबराइए मत. दायां कान बिल्कुल ठीक है, बहुत बढिया सुनती है. बाएं में कम है."

मला उजवा डावा कळायचं बंद झालं. मी स्वतःच्या कानांना हात लावून विचारलं, यह वाला? त्या हसल्या. मग त्यांनी सावकाश समजावलं की एक कान चांगला आहे, ती बोलायला शिकेल, शाळेत जाईल, डाव्याचं काय करायचं ते वरचेवर दाखवत राहा, आवाज कुठून आला ते तिला पटकन कळणार नाही एवढं लक्षात ठेवा. डाव्या बाजूनं हाक मारली तर कदाचित बघणार नाही. मला एकदम ती ताटं आठवली. पहिलं पडलं ते तिच्या उजवीकडं. दुसरं मी मुद्दाम पाडलं ते तिच्या डावीकडं, मोरीच्या बाजूला.

ऐकते! माझी पोरगी ऐकते! मी व्हरांड्यात पळत आले, तिला छातीशी धरून, बायका बघायला लागल्या. काका बाकावरून उठले. मी म्हटलं, "काका, उजवा चांगला आहे, एकदम चांगला, डाव्यानं कमी आहे, पण ऐकते." त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, दोन्ही हात ठेवले, डोळे पुसले, स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. पेटी बगलेत होती ती पडता पडता वाचली. म्हणाले, चलो, आज मेट्रो नको, टॅक्सीनं जाऊ.

टॅक्सीत पोरगी अजून औषधानं झोपलेली, माझ्या मांडीवर. मी तिला नेहमीसारखी वळवली, उजव्या कुशीवर, कान माझ्या पोटात दाबून. काका बघत होते. पुलावर आलो असू. त्यांचा आवाज एकदम बदलला.

"ती नेहमी अशीच झोपते?"

मी म्हटलं, हो, त्या काचेच्या पेटीतून बाहेर काढली तेव्हापासून अशीच.

"गादीवर पण?"

"गादीवर पण."

"म्हणजे चांगला कान खाली. उशीत." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "म्हणजे साहेबांनी केस ऐकलीच नाही."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतात. मग कळलं. तो चांगला कान उशीत दबलेला, वरचा कमी ऐकणारा. तिच्यापर्यंत पोचतच असेल ते भिंतीपलीकडनं आल्यासारखं, नुसती गुणगुण. सांधा जमला होता म्हणून ती झोपली नव्हती. सांधा पास झालाच नव्हता. एवढे दिवस मी रडत होते आणि ते नाचत होते, आणि आता मी नाचतेय आणि त्यांचं तोंड उतरलेलं. कार्यक्रम तर डोक्यावर. मला इतकं वाईट वाटलं, आणि तरी माझं हसू थांबेना. मी पदर तोंडात कोंबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तेही हसले, पण जरासंच.

कार्यक्रम नंतर झाला, मोठ्या हॉलमध्ये, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं सगळे सांगतात. मीही होते तिथं, पोरीला घेऊन, पण एवढे दिवे आणि एवढी माणसं बघून मी अशी गांगरले होते की मला फारसं आठवत नाही. मला आठवते ती आदल्या आठवड्यातली दुपार. नखानं दार खरवडलं. या वेळी त्यांनी झोपले का असं विचारलं नाही. म्हणाले, "साहेब तयार असतील तर घेऊन ये. दुसऱ्या कुशीवर."

सगळे आधीच बसले होते, कोणी चेष्टा करत नव्हतं, पानिपतवालासुद्धा नाही. मी पोरीला गादीवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या कुशीवर वळवली. ती जरा कुरकुरली, मी थोपटलं, झोपली. तिचा उजवा कान वर, छोटासा, उघडा. मला तो कान बघूनच भीती वाटली, आता याच्यात सगळं जाणार. अक्कांनी पदर खोचला. काकांनी पोहे परातीत काढले आणि डबा पालथा घातला.

लग्नाची धून सुरू झाली. पोरीच्या पापण्या हलल्या. अक्कांकडं गेलं, ती शांत झाली, ओठ चोखल्यासारखं केलं. मग काकांनी घेतलं आणि इतकं सावकाश, इतकं हळू, मी त्यांना असं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांची नजर गजाकडं नव्हती, तारांकडं नव्हती, फक्त त्या कानाकडं. मुनिरक्याच्या मुलीनं पाय उचलला. सांधा आला.

पोरीनं डोळे उघडले.

नुसते उघडले नाहीत, टक्क उघडले, आणि तोंड वाकडं करून असा टाहो फोडला की मुनिरक्याच्या मुलीचा गज हवेतच राहिला. सगळे थांबले. काका तिच्याकडं बघत होते. त्यांचे कितीतरी महिन्यांचे कष्ट त्या एका टाहोत गेले होते. त्यांनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि तिच्यापुढं मान वाकवली.

"मंजूर, साहेब," म्हणाले. मग बाकीच्यांकडं बघून, "सुना? कुठं धक्का बसतो ते कळलं? माझ्याकडून बसतो. मी शेवटचा सूर उशिरा सोडतो. चलो, फिर से."

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. पानिपतवाला म्हणाला, "गुरुजी, अब साहेब को सुलाएगा कौन?"

मी तिला उचलली. ती रडत होती, जोरजोरात, आणि मी तिला गप्प करत नव्हते. सगळे माझी वाट बघत होते आणि मी उभी, ती रडतेय आणि मी ऐकतेय. मग काका म्हणाले, घाई नाही, सावकाश झोपव. मी भिंतीकडं तोंड केलं, तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, उजवा कान माझ्या तोंडाशी येईल असा, आणि त्या कानात तिचं नाव घेऊन तिला झोपवायला लागले.